चालतोय म्हणजे मोडलं नाही?

मी गाझियाबादहून बोलतोय. हिंडन नदीच्या दिल्लीकडच्या बाजूला वसुंधरा नावाची वसाहत आहे, तिथे निवृत्तीनंतर स्थायिक झालो. मूळचा सातारा जिल्ह्यातला. बत्तीस वर्षं पायदळात काढली. मुलगा नोएडात नोकरीला, म्हणून आम्ही दोघं इकडे आलो, आणि मागून आईलाही घेऊन आलो.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. साधा पदवीधर, पुढे फौजी. मग हाडांवर बोलायचा मला काय अधिकार? एकच. हाडाच्या दुखण्याबाबत मी आयुष्यात दोनदा मोठी चूक केली आणि दोन्ही वेळा किंमत दुसऱ्याने मोजली. त्यानंतर मी हा विषय डॉक्टर मित्रांना विचारून, वाचून समजून घेतला. आज जे सांगणार आहे ते औषधोपचार म्हणून घेऊ नका. डॉक्टरकडे कधी जायचं, किती लवकर जायचं आणि तिथे पोहोचेपर्यंत काय करायचं नाही, एवढंच कळलं तरी माझं काम झालं.

पहिली गोष्ट 1986 सालची. मी कॅप्टन होतो आणि एका प्रशिक्षण केंद्रात रिक्रूटांच्या कंपनीवर होतो. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण दोष केंद्राचा नव्हता, माझा होता. माण तालुक्यातला एक पोरगा होता. एकोणीस वर्षांचा, काटक, पळण्यात पहिल्या पाचात. सातव्या-आठव्या आठवड्यात तो म्हणायला लागला की जांघेत दुखतंय. एमआय रूममध्ये गेला, गोळ्या मिळाल्या, दोन दिवस लाइट ड्यूटी मिळाली. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ आला. चार दिवसांनी पुन्हा तेच. उस्ताद म्हणाला, साहेब, घरची आठवण येतेय, नाटक करतोय. मी त्याला समोर बोलावलं. विचारलं, चालता येतं ना? तो म्हणाला, येतं साहेब. मी म्हणालो, मग मोडलेलं नाही. चालणारा माणूस पळूही शकतो.

तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटरच्या धावेत तो पडला. ठेच लागली नाही, खड्डा नव्हता, कुणाचा धक्का नव्हता. पळता पळता मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा तो निमुळता भाग, तुटली आणि तो खाली बसला. त्याचा आवाज आजही माझ्या कानात आहे. ऑपरेशन झालं. वर्षभर इस्पितळात येरझारा झाल्या. मग मेडिकल बोर्ड बसलं आणि तो घरी गेला.

याला म्हणतात स्ट्रेस फ्रॅक्चर. मराठीत आपण ताणाने पडलेली चीर म्हणू. गंमत बघा, हा आजार जगाला सांगितला तोही एका फौजी डॉक्टरनेच. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने 1855 मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. तेव्हा एक्स-रे नव्हते. राँटगेनने एक्स-रे शोधले 1895 मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांत कळलं की त्या सुजलेल्या पावलांमध्ये हाडाला चीर असते. तेव्हापासून त्याचं नावच 'मार्च फ्रॅक्चर' पडलं.

हे होतं कसं? हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं आणि सतत दुरुस्त होत असतं. एकदम जास्त भार पडायला लागला की शरीर ते हाड मजबूत करायला घेतं. पण आमच्या गाझियाबादच्या रस्त्यांसारखं. आधी खणतात, भरतात नंतर. पहिल्या काही आठवड्यांत जुनं हाड काढण्याचं काम पुढे धावतं आणि नवं घालण्याचं मागे राहतं. नेमक्या त्याच दिवसांत आपण पळण्याचं अंतर वाढवतो. मग चीर पडते. ती केसाएवढी बारीक असते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. दिसते ती एमआरआयमध्ये. म्हणजे त्या पोराचा एक्स-रे स्वच्छ होता हे खरं, आणि त्याचं हाड चिरलेलं होतं हेही खरं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आम्ही कुठे फौजेत आहोत? पण आज चाळिशीतली माणसं मॅरेथॉनच्या नादाने एका महिन्यात शून्यावरून दहा किलोमीटरवर जातात. मुलं पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पहाटे पळतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. नडगीत दुखत असेल तर एका बोटाने हाडावर वरून खाली दाबत जा. हातभर लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखलं तर ते बहुधा हाडावरच्या आवरणाचं आणि स्नायूंचं दुखणं असतं. थोडी विश्रांती घेतली, पळणं कमी केलं की जातं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्या एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं आणि त्या पायावर उडी मारली की कळ आली, तर पळणं तिथेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं, दुखणं आधी पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेत, असं वाढत गेलं तर तेही धोक्याचं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. पळणाऱ्या माणसाची जांघ दुखली तर ती कधी अंगावर काढू नका. पावलाच्या हाडाची चीर सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. खुब्याच्या मानेतली चीर दुर्लक्षित राहिली तर आयुष्य बदलून टाकते.

आता रोजची गोष्ट घेऊ. घोटा मुरगळणं. आमच्या सोसायटीत मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात, दर महिन्याला एक तरी लंगडत येतो. आईबाप विचारतात, कर्नलसाहेब, एक्स-रे काढायचा का? याला एक फार सोपा नियम आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये तो मांडला आणि जगभर वापरला जातो. घोट्याच्या दोन बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबा. हाडावर दुखलं तर एक्स-रे काढा. पाऊल दुखत असेल तर करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध जो उंचवटा लागतो तो आणि त्याच्यासमोर आतल्या बाजूचा उंचवटा दाबा. तिथे दुखलं तरी काढा. आणि मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील तर काढा. लंगडत टाकली तरी चालतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार थोडी. अगदी लहान मूल असेल, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा माणूस दारू प्यालेला असेल तर मात्र हा नियम लावू नका. त्यांचं दुखणं ते नीट सांगू शकत नाहीत.

आणि मुरगळलेल्या घोट्याला काय करायचं? पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा. क्रेप बँडेज, पण घट्ट नाही. पाय उशीवर उंच. चोळायचं नाही, शेकायचं नाही. आपल्याकडे हळद-तुरटीचा लेप लावतात, तो लावायला माझी हरकत नाही, पण चोळून लावू नका. दोन-तीन दिवसांनी घोटा हळूहळू हलवायला लागा. महिनाभर पडून राहिलात तर घोटा आखडतो आणि पुन्हा पुन्हा मुरगळतो. सूज उतरली की एका पायावर तोल सांभाळत उभं राहण्याचा सराव करा. दात घासताना करा, वेगळा वेळ काढायला नको.

या नियमातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. चार पावलं टाकता येणं ही अर्धी परीक्षा आहे. उरलेली अर्धी बोटाने दाबून बघणं ही आहे. आणि दोन्ही मिळून हा नियम फक्त घोट्यासाठी आणि पावलासाठी आहे.

आता इकडचा एक प्रसंग सांगतो. दिल्ली आणि आसपास 15 ऑगस्टला पतंग उडवतात. आपल्याकडे संक्रांतीला उडवतात तसे. आमच्या सोसायटीच्या चौकीदाराचा सात वर्षांचा मुलगा पतंगाच्या मागे पळताना भिंतीवरून हातावर पडला. कोपर सुजलं. आपल्या खेड्यात जसे हाडवैद्य असतात, तसे इकडे पहलवान असतात. आखाड्यात मुरगळलेलं बसवणारी ही माणसं. त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास, आणि तो अगदीच अनाठायी नाही. निखळलेला खांदा बसवणारे जुने हात मी पाहिलेले आहेत. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिलेले आहेत. पाय मोडलेल्या रुग्णाला फळीवर खुंट्या ठोकून, पाय हलणार नाही असा निजवायची रीतही त्यात आहे. म्हणजे ज्ञान होतं. पण एक्स-रेशिवाय लहान मुलाच्या कोपरात काय मोडलंय ते पहलवानाला दिसत नाही.

रात्री नऊला मी फाटकाशी आलो तर पोरगं रडत होतं. हाताला बांबूच्या पट्ट्या आणि घट्ट फडकं. बाप म्हणाला, "साहब, पहलवान जी ने बाँधा है, दर्द तो होगा ही." मी त्याची बोटं पाहिली. फुगलेली, निळसर, गार. एक बोट अलगद सरळ केलं तर तो किंचाळला. फौजेत प्रथमोपचार शिकवताना एक वाक्य घोकून घेतात: बांधल्यावर दुखणं कमी झालं पाहिजे. वाढलं तर बांधण्यात चूक आहे. मी तिथेच कात्रीने ते फडकं वरपासून खालपर्यंत कापलं आणि गाडी काढली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, कोपराच्या वरचं हाड मोडलंय आणि हाताच्या आत दाब वाढलाय. घट्ट बंधनात सूज वाढली की रक्त आत जाऊ शकत नाही. साधारण सहा तास असं राहिलं की स्नायू कायमचे मरायला लागतात. मग हात पंज्यासारखा आत वळतो आणि तसाच राहतो. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 मध्ये हे लिहिलं, आणि त्या आखडलेल्या हाताला आजही त्याचंच नाव आहे. या पोराचं नशीब बलवत्तर. रात्रीच भूल देऊन हाड बसवलं, दोन तारा घातल्या. आता तो सायकलवर घंटी वाजवत माझ्या मागे लागतो.

हे फक्त पहलवानाच्या पट्टीने होतं असं समजू नका. मोठ्या इस्पितळातल्या प्लास्टरखालीही सूज वाढू शकते. म्हणून घरात कुणाला प्लास्टर घातलं असेल तर पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी बोटं बघा. रंग कसा आहे, गार आहेत का, हलतात का, मुंग्या येतात का. गोळी घेऊनही न थांबणारं दुखणं आणि बोट सरळ करताना येणारी कळ, ही दोन लक्षणं असतील तर सकाळपर्यंत थांबू नका. बोटं निळी पडायची, नाडी बंद व्हायची वाट बघू नका. तोवर उशीर झालेला असतो.

प्लास्टरवरून आठवलं. प्लास्टरची पट्टीही फौजेचीच देणगी. मातेइसेन नावाच्या डच लष्करी शल्यचिकित्सकाने 1850च्या सुमारास कापडी पट्टीत जिप्समची पूड चोळून ती ओली करून गुंडाळायची युक्ती काढली. मांडीचं हाड मोडलेल्यांसाठी ब्रिटिश डॉक्टर थॉमस यांचा स्प्लिंट पहिल्या महायुद्धात आघाडीवर वापरात आला, आणि मांडीत गोळी लागून मरणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. त्यात ना औषध होतं, ना शस्त्रक्रिया. मोडलेलं हाड हलू दिलं नाही, एवढंच. म्हणून रस्त्यावर अपघात दिसला आणि पाय वेडावाकडा असेल तर तो ओढून सरळ करायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत असं लाकूड, पुठ्ठा, घडी घातलेलं वर्तमानपत्र, जे मिळेल ते लावून बांधा. हाताचं असेल तर अंगठ्या, बांगड्या आधी काढा. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ ओलं कापड झाका, आत ढकलू नका. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस हलवू नका. 108 ला फोन लावा.

आता दुसरी चूक सांगतो. ही सांगायला जड जाते.

2016चा डिसेंबर. गाझियाबादचं धुकं तुम्ही अनुभवलं नसेल तर सांगतो, दुपारी बारापर्यंत समोरची इमारत दिसत नाही. घरात फरशी बर्फासारखी. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिचा पाय सरकला आणि ती कुशीवर पडली. आम्ही उठवलं. थोडा वेळ बसली आणि मग भिंतीला धरून आपल्या खोलीत चालत गेली. म्हणाली, जरा जांघेत दुखतंय रे, होईल बरं. मी म्हणालो, चालतेयस ना? मग मोडलेलं नाही.

तीस वर्षांनी तेच वाक्य. आणि दुखणारी जागाही तीच, जांघ. मला तेव्हा ते आठवलंदेखील नाही.

तीन दिवस ती अंगावर काढत राहिली. तिसऱ्या रात्री न्हाणीघरातून येताना ती ओरडली आणि पलंगाच्या कडेला कोसळली. या वेळी पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. मोडलेला खुबा ओळखायची ही खूण सगळ्या पुस्तकांत असते. पण पुस्तकाच्या पुढच्या ओळीत असंही लिहिलेलं असतं, की मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली तर पाय आखूडही होत नाही, वळतही नाही, आणि माणूस लंगडत का होईना, चालतो. दुखतं फक्त जांघेत, कधी कधी नुसतं गुडघ्यात. ती ओळ मी नंतर वाचली.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. खुब्याच्या गोळ्याला रक्त जातं ते त्या मानेवरून. हाड जागेवर असतं तोवर तीन स्क्रू घालून काम होऊ शकतं. एकदा सरकलं की रक्तवाहिन्या फाटतात. मग गोळा काढून कृत्रिम बसवावा लागतो. पहिल्या दिवशी आणलं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत. मला हिशेब येतो.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. वय झालंय, ऑपरेशन कशाला, पडून राहू द्या. मित्रहो, हे मनापासून आणि मायेने म्हटलं जातं, पण उलटं आहे. वय झालंय म्हणूनच ऑपरेशन. म्हातारं माणूस पलंगाला खिळलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. खुबा मोडलेली माणसं अशा गोष्टींनी जातात. म्हणून जगभर प्रयत्न असतो की शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं आणि दुसऱ्या दिवशी माणूस उभं राहावं. आई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. नर्सला म्हणाली, माझा मुलगा कर्नल आहे, तो झोपू देणार नाही. नर्सला मराठी कळलं नाही. मला कळलं.

ती पुढे तीन वर्षं जगली. घरात फिरायची. पण जिने उतरून खाली सूर्यनारायणाला पाणी घालायला जायची ते कायमचं बंद झालं. गावी जायचं राहिलं ते राहिलंच.

आणि त्याहून जास्त टोचणारी गोष्ट पुढची आहे. त्याआधी सहा वर्षं, गावी असताना, अंगणात हातावर पडून तिचं मनगट मोडलं होतं. जेवणाच्या काट्यासारखं वाकडं दिसतं ते फ्रॅक्चर. आयर्लंडमधल्या कोलेस नावाच्या शल्यचिकित्सकाने 1814 मध्ये वर्णन केलेलं, आजही तितकंच नेहमीचं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. तो विषय संपवायचा नसतो. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं, तर पडण्यापेक्षा हाड जबाबदार असतं. ते पुढच्या फ्रॅक्चरचं आगाऊ पत्र असतं. आम्ही ते उघडून वाचलंच नाही.

म्हणून माझी विनंती. घरातल्या पासष्टीपुढच्या बाईची, आणि पन्नाशीनंतर हाड मोडलेल्या कुणाचीही, हाडांची घनता तपासणारी डेक्सा चाचणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं समजतात. त्यावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांपासून वर्षातून एकदा द्यायच्या सलाइनपर्यंत चांगली औषधं आहेत. ड जीवनसत्त्व तपासा. आम्ही फ्लॅटमध्ये राहणारी माणसं, त्यात इथलं धुकं आणि धूर, उन्हाची गाठ कमीच पडते. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ, नाचणी आपल्या घरात असतेच. आणि औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पडू न देणं. न्हाणीघरात दोन कड्या ठोका. उंबऱ्याशी रात्रभर एक छोटा दिवा ठेवा. सरकणारं पायपुसणं काढून टाका. चष्म्याचा नंबर तपासा. रात्रीच्या झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. या सगळ्याला हजार-दोन हजार रुपये लागतात.

गुडघा आणि कंबर यांच्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक त्याचसाठी हे ऐकत असतील. गुडघ्याची झीज वयाने होते, पण वापरला म्हणून गुडघा संपतो हे खरं नाही. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा पट्टा. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, दहा आकडे मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांचे दहा-दहा, दिवसातून तीनदा. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. सांधा बदलायचं ऑपरेशन उत्तम आहे, पण ते एक्स-रेकडे बघून नाही, तुमच्या दुखण्याकडे आणि रोजच्या जगण्याकडे बघून ठरवायचं असतं.

कंबरदुखी बहुतेक वेळा सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. एमआरआयची घाई करू नका. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या चकत्या सापडतात. पण काही लक्षणं असतील तर घाईच करा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचललं जाईना, तर त्याच दिवशी इस्पितळ. आणि कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन असेल तर क्षयरोगाची शंका घ्या. आपल्या देशात मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही आणि औषधाने बरा होतो.

आणि हाड जुळलं की उपचार संपले असं मानू नका. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आमच्या फौजेच्या ईएमईचे जवान. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. व्यायाम म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे पाय गेलेली पोरं पहिल्यांदा उभी राहताना मी पाहिली आहेत. फिजिओथेरपी कंटाळवाणी असते, दुखते, पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. ती सोडू नका.

शेवटी पुन्हा त्या माणच्या पोराकडे येतो. आई गेल्यावर मी गावी गेलो होतो, तेव्हा शोधत शोधत त्याच्या घरी गेलो. आता तोही पन्नाशी ओलांडलेला. किराणा मालाचं दुकान आहे, एक पाय आखूड, पण उभा असतो दिवसभर. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी हात जोडले आणि म्हणालो, माझं चुकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, पायाचं काही वाटत नाही. पण गावात सगळे म्हणायचे, फौजेतून पळून आला. वडील जाईपर्यंत त्यांनाही तसंच वाटायचं."

मी खिशातून कागद काढला आणि तिथे बसून लिहून दिलं, की हा जवान प्रशिक्षणात कर्तव्यावर असताना जखमी झाला, त्याने दुखणं वेळेवर सांगितलं होतं आणि त्याच्या अधिकाऱ्याने ते मानलं नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. तो कागद कुठल्या कचेरीत चालणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्याने तो दुकानात, वडिलांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवला.

म्हणून मित्रहो, घरात कुणी म्हणालं, इथे दुखतंय, तर चालता येतं का एवढंच विचारून थांबू नका. जवळ बसा. विचारा, एका बोटाने दाखव, नेमकं कुठे? रात्री दुखतं का? कालच्यापेक्षा आज जास्त आहे का? आणि जे सांगतील ते खरं माना. निदान डॉक्टर करतील. पण डॉक्टरपर्यंत न्यायचं की नाही, हे आपण घरात ठरवतो.

सांभाळून चाला. जय हिंद.